उसना वेश

ऑक्टोबर संपत आला की अलीकडे मुलांच्या मोबाइलवर भुतांची गर्दी होऊ लागते. पांढरी चादर, रंगवलेली कवटी, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारा लाल रंग. ३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत हॅलोवीन असतो, हे आमच्या आठवीच्या वर्गालाही आता ठाऊक आहे. मुंबई-पुण्याकडे मॉलमध्ये, हॉटेलांत, काही महाविद्यालयांतही त्या निमित्ताने सोंगे घेतली जातात. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, हा सण बहुतेकांसाठी फोनच्या पडद्यापुरताच आहे. पण सोंग घ्यायला आमच्याकडच्या महाविद्यालयांना हॅलोवीनची वाट पाहावी लागत नाही. हिवाळ्यात स्नेहसंमेलनाचे दिवस येतात. कुठे साडी डे, कुठे पारंपरिक वेशभूषा, कुठे फॅन्सी ड्रेस. शिकून बाहेर पडलेले माजी विद्यार्थीही हौसेने येतात आणि रंगमंचावर चढतात. त्यामुळे प्रश्न दूरदेशीचा वाटला तरी आपल्या अंगणातलाच आहे. दुसऱ्याचा वेश आपण गंमत म्हणून अंगावर चढवतो, तेव्हा त्या दुसऱ्याचे आपण काही देणे लागतो काय?

आमच्या समाजात या प्रश्नाचे एक तयार उत्तर मिळते. आलिम मंडळी 'तशब्बुह' हा शब्द पुढे ठेवतात. तशब्बुह म्हणजे परक्या कौमेसारखे दिसण्याचा, वागण्याचा प्रयत्न. हॅलोवीनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या हिवाळ्यापूर्वीच्या सणात सांगतात. ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोवीन. एकोणिसाव्या शतकात तिकडून गेलेल्या स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला. मग मुसलमानाच्या मुलाचे तिथे काय काम, असा त्यांचा सवाल. गंमत अशी की दुसऱ्या टोकाला बसलेले संस्कृतिरक्षकही हेच म्हणतात: हे आपले नाही, म्हणून नको. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक इथे एकाच बाकावर येऊन बसतात.

धर्माची मर्यादा कुठे संपते हे जाणकारांनी सांगावे, तो आमचा अधिकार नाही. पण एखादी गोष्ट परकी आहे एवढ्याने ती वाईट ठरत नाही आणि आपली आहे एवढ्याने चांगली ठरत नाही. आम्ही ज्या बाकांवर मुलांना बसवतो, ज्या फळ्यावर लिहितो, ती शाळेची पद्धतही दुसरीकडूनच आली. आणि सोंग तर मुळीच परके नाही. आपल्या गावोगावी बहुरूपी फिरत आले आहेत. मोहरमच्या दिवसांत अंगावर पट्टे ओढून वाघ होण्याची चाल दख्खनमध्ये जुनी. जाफर शरीफ यांचा 'कानून-ए-इस्लाम' हा ग्रंथ १८३२ साली इंग्रजीतून लंडनला छापला गेला. त्यात मोहरमात घेतल्या जाणाऱ्या सोंगांचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यात वाघही आहे. नवस म्हणून वाघ होणाऱ्यांत हिंदूही असत. तेव्हा सोंग घ्यावे की नाही, हा वाद आमच्या दृष्टीने फार पुढे जात नाही. कुणाचे घ्यावे आणि कसे घ्यावे, इथून खरा वाद सुरू होतो.

हॅलोवीनच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यात माणूस प्रामुख्याने भूत होतो. भुताची जात नाही, धर्म नाही, मोहल्ला नाही. भुताचे सोंग घेणारा आपल्याच भीतीची थट्टा करतो. आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे येतात. बाधा उतरावी म्हणून अंगावरून ओवाळलेले नारळ आणि अंगावरचे कपडे लोक तिथल्या होळीत टाकतात. ज्याच्या घरात आजारी माणसाला 'बाहेरचे झाले आहे' असे म्हटले जाते, त्याला भूत ही करमणूक वाटत नाही. तरीही आम्ही म्हणू की मुलांनी चादर पांघरून खुशाल भूत व्हावे. निदान भुताला भिण्याची सवय तरी जाईल. पण त्याच रांगेत एखादा मुलगा केस विस्कटून, फाटके कपडे घालून, साखळी ओढत 'वेडा' म्हणून आला, तर गोष्ट बदलते. भूत कुठे राहत नाही. मनाने आजारी माणूस मात्र कुणाच्या तरी घरात राहतो, त्याची आई कदाचित प्रेक्षकांत बसलेली असते. सोंग भुताकडून माणसाकडे वळले की जबाबदारी सुरू होते.

हे सगळे आम्हाला एरवी इतके सुचले नसते. आमच्या उर्दू शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाने विचारायला लावले. उर्दू माध्यमाचे मूल मराठी महाविद्यालयात जाते तेव्हा पहिले वर्ष ते भाषेशी झगडण्यातच घालवते. उत्तर येत असते, पण 'ळ' चा उच्चार चुकेल म्हणून हात वर होत नाही. या मुलाला तिथे एक चांगला मित्र मिळाला. वह्या देणारा, मराठी सुधारणारा, ईदला घरी येऊन शीरखुर्मा पिणारा. स्नेहसंमेलनाच्या आधी मित्राने त्याच्याकडे नमाजाची टोपी मागितली. नाटकात हवी आहे म्हणाला. मुलाने आनंदाने दिली. आपली वस्तू रंगमंचावर जाणार, याचे त्याला अप्रूप होते. प्रवेश सुरू झाला तेव्हा तीच टोपी घालून, चिकटवलेली दाढी लावून, खेळण्यातली बंदूक घेऊन मित्र आला. तो अतिरेकी होता. मोडक्या हिंदीत चार वाक्ये बोलला. माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने पोलीस होऊन त्याला पकडले. सभागृह हसले. मुलगाही हसला. शेजारची दोन-तीन मुले आपल्याकडे बघत आहेत असे वाटून तो जरा जास्तच हसला.

दोन दिवसांनी टोपी परत आली, धुऊन, इस्त्री करून. मुलगा आम्हाला म्हणाला, "सर, तो वाईट मुलगा नाही. मग मला अजून वाईट का वाटते?" त्या टोपीने तो आता नमाज पढत नव्हता. डोक्याला रुमाल बांधत होता.

मित्राची नियत साफ होती, यात आम्हाला शंका नाही. मुसलमानाच्या नीतिविचारात नियतीला फार मोठे स्थान आहे. हेतू चांगला असेल तर चुकलेल्या कामाकडेही आपण नरमाईने पाहतो. पण हेतू साफ असल्याने मनुष्य गुन्हेगार ठरत नाही, एवढेच सिद्ध होते. त्याने केले ते योग्य होते, असे त्यावरून ठरत नाही. बैलगाडीचे चाक कुणाच्या पायावरून गेले तर गाडीवान दुष्ट नव्हता हे खरे, पण पाय मोडलेलाच असतो. शिवाय इथे हेतू नव्हता हीच विचार करण्याजोगी बाब आहे. मित्राने मुद्दाम काही शोधले नव्हते. अतिरेकी दाखवायचा आहे म्हटल्यावर त्याच्या हाताला आपोआप टोपी आली. लिहिणाऱ्याला, बसवणाऱ्याला, बघणाऱ्याला, कुणालाच त्यात खटकले नाही. द्वेष असता तर त्याला उत्तर देता आले असते. सवयीला उत्तर देणे कठीण असते.

याच गोष्टीवर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनीही डोके खाजवले आहे. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने हॅलोवीनच्या तोंडावर भित्तिपत्रके काढली. आमची संस्कृती हा तुमचा फॅन्सी ड्रेस नव्हे, असा त्यांचा आशय होता. प्रत्येक पत्रकावर एक विद्यार्थी आपल्या समाजाच्या नावाने घेतलेल्या सोंगाचे छायाचित्र हातात धरून उभा होता. त्यात एका छायाचित्रात अरब म्हणजे अंगाला बॉम्ब बांधलेला माणूस असे सोंग होते. समुद्रापलीकडे आणि आमच्या तालुक्यात एकच कल्पना सुचावी, याचे आम्हाला नवल वाटले आणि वाटलेही नाही. सिनेमा तर दोन्हीकडे सारखाच पोचतो.

चार वर्षांनी, २०१५ च्या ऑक्टोबरात, येल विद्यापीठात वेगळा प्रसंग घडला. तिथल्या एका समितीने विद्यार्थ्यांना पत्र लिहून विनंती केली की पिसांचे मुकुट, फेटे, रंगवलेली कातडी असली सोंगे घेताना विचार करा. त्यावर एरिका ख्रिस्ताकिस या अध्यापिकेने विद्यार्थ्यांना उलट पत्र लिहिले. सोंग कोणते घ्यावे हे विद्यापीठाने कशाला सांगायचे, तरुणांनी ते आपसात बोलून का ठरवू नये, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावरून मोठे वादळ उठले. त्यांनी येलमध्ये शिकवणे थांबवले. त्यांचे पती विद्यार्थ्यांच्या ज्या निवासी महाविद्यालयाचे प्रमुख होते, ते पदही पुढे त्यांनी सोडले.

या वादात आम्ही थोडे दोन्हीकडे आहोत. सोंगांची बंदी-यादी काढून काही साधत नाही, हे बाईंचे म्हणणे शिक्षक म्हणून आम्हाला पटते. यादीत नसलेली गोष्ट मुले बरोबर शोधून काढतात. आणि एका पत्रासाठी माणसाच्या मागे जमाव लागावा, हेही भले नव्हे. पण 'आपसात बोलून ठरवा' म्हणणे सोपे आहे. बोलायचे कुणी? नेहमी ज्याला लागले त्यानेच. तोही त्या वर्गात एकटा-दुकटा. बोलला तर 'याला गंमत कळत नाही', 'हे लोक लगेच मनावर घेतात'. गप्प राहिला तर सगळे ठीकच आहे. आमच्या विद्यार्थ्याचे ते जास्तीचे हसू म्हणजे वर्गात बसू द्यावे म्हणून भरलेली फीच होती. ती फी बाकीच्यांना भरावी लागत नव्हती.

आता कुणी म्हणेल, एका टोपीचे एवढे काय. टोपीचे एवढे यासाठी की मित्राने ती रात्री काढून ठेवली आणि तो सुटला. मुलाच्या वडिलांची टोपी रोज डोक्यावर असते. ते एस.टी.त बसतात, बँकेत रांगेत उभे राहतात, दवाखान्यात जातात. रंगमंचावर टोपीला जो अर्थ चिकटला, तो त्यांच्या डोक्यावरच्या टोपीलाही चिकटतो. २०२४ मध्ये चेंबूरच्या ना. ग. आचार्य व दा. कृ. मराठे महाविद्यालयाने आवारात बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई करणारा नियम केला. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांपुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्यास मात्र मोकळीक दिली नाही. न्यायालयीन बाजू ज्याची त्याला लखलाभ. आम्हाला त्यातला विरोधाभास दिसतो. एका ठिकाणी टोपी वर्गात चालत नाही, दुसऱ्या ठिकाणी तीच टोपी रंगमंचावर हवीहवीशी होते. ज्याची आहे त्याने घातली तर अडचण, दुसऱ्याने सोंग म्हणून घातली तर टाळ्या.

हे फक्त मुसलमानांचे दुखणे आहे असे समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. गावोगाव फिरणाऱ्या ज्या भटक्याला पाहून आमच्या आजोबांच्या पिढीने पसाभर जोंधळा काढला, त्यालाच पाहून नव्या पिढीने फोनवरची अफवा आठवली. वेगळ्या वेशातला गरीब माणूस आपल्याला एकतर हसण्यासारखा वाटतो नाहीतर भिण्यासारखा. या दोन्हींमध्ये फार अंतर नसते.

आणि बोट दुसऱ्याकडे करताना आपल्या मोहल्ल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या संमेलनांत किन्नराची टाळी वाजली की हशा ठरलेला. खेड्यातून आलेल्याची बोली, बंजारा बाईचा पेहराव, काळ्या रंगाचा मुलगा, यांवर तिथेही विनोद होतात. सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची टवाळी करू नये, ज्याची टवाळी होते तो कदाचित अधिक चांगला असेल, अशी ताकीद आहे. तशब्बुहवर तासभर बोलणारे वक्ते या ताकिदीवर पाच मिनिटे बोलले तरी बरे होईल. आपण कुणासारखे दिसतो याची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी आपण कुणाला हसतो याची वाहिली जात नाही.

सोंग कधी कधी प्रेमानेही माणसाला छोटे करते. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला अनेक शाळांत एक मुलगी सावित्रीबाई होते आणि एक फातिमा शेख. सावित्रीबाईंना नऊवारी नेसवली जाते, फातिमाबींना घट्ट बांधलेला हिजाब. त्या दोघींचे म्हणून जे जुने छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यात दोघीही साडीत आहेत. पण साडीतली फातिमा प्रेक्षकांना 'मुसलमान' म्हणून ओळखू येणार नाही, ही भीती. म्हणजे सन्मान करतानाही आपण बाईला बाजूला ठेवून तिची खूण तेवढी उचलतो.

मग चांगले सोंग असते तरी कसे? बी.एड.ला आम्हाला भूमिकापालन नावाची अध्यापन पद्धत शिकवली होती. त्यात मुलाला आधी विचारतात, हा माणूस सकाळी उठून काय करतो, त्याला कशाची काळजी आहे, तो कुणाशी कसा बोलतो. वेश सगळ्यात शेवटी येतो, नसला तरी चालते. आमच्या विदर्भातले साधे उदाहरण घ्या. गाडगेबाबा झालेले मूल चिंध्यांचा अंगरखा घालते, डोक्यावर गाडगे ठेवते. तो गरिबाचाच वेश आहे, पण त्याला कुणी हसत नाही. कारण त्या मुलाच्या हातात खराटा असतो आणि ते खरोखर झाडू लागते. १२ जानेवारीला सिंदखेड राजात जिजाऊ झालेल्या मुली पाहाव्यात. त्यांची मान आपोआप ताठ होते. या सोंगांत वेशाबरोबर माणसाचे काम येते. टोपीच्या त्या सोंगात काम नव्हते, घर नव्हते, नाव नव्हते. नुसता वेश होता आणि तोच आरोप होता. बंदूक नसती तरी सभागृहाला कळले असते.

नाटकात अतिरेकी दाखवूच नये असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हटले तर नाटक उरणार नाही. चोर दाखवा, लाचखाऊ साहेब दाखवा, ढोंगी मौलवीही दाखवा. फक्त तो एक माणूस असू द्या, त्याला नाव द्या, त्याचे काही कारण असू द्या. आणि त्याच रंगमंचावर टोपीवाला दुसराही एखादा येऊ द्या, शिक्षक, गवंडी, नर्सरीवाला, कुणीही. वर्षभराच्या सगळ्या प्रवेशांत टोपी एकदाच दिसते आणि तेव्हा तिच्या हातात बंदूक असते, हे बरोबर नाही.

या बाबतीत आमचा गुरू बहुरूपी आहे. तो हवालदार होऊन दारात येतो, वसुलीचा साहेब होऊन दरडावतो, घरातल्यांची क्षणभर गाळण उडवतो आणि मग हसून बक्षिसी मागतो. तो बहुधा आपल्याहून वरच्याचा वेश घेतो. आणि ज्याचा घेतला त्याच्यासमोरही जायला कचरत नाही. खरा हवालदार चौकात भेटला तर सलाम ठोकून त्याच्याकडूनही पैसे घेतो. त्याच्यावरून मुलांना सांगता येईल अशी एक सोपी कसोटी मिळते. ज्याचे सोंग घेणार त्याला पहिल्या रांगेत बोलावून बसवा. किन्नराला, डवरी गोसाव्याला, त्या मुलाच्या वडिलांना. त्यांच्या डोळ्यांत पाहून सोंग पुरे करता आले तर खुशाल करा. जीभ अडखळली तर ते सोंग नको, हे नियमावलीशिवाय कळेल. इथे कुणाला बंदी घालावी लागत नाही. लागलेल्याने एकट्याने उठून बोलावे, असेही राहत नाही. विचार करण्याचे काम सोंग घेणाऱ्याच्या गळ्यात पडते, जिथे ते मुळात असायला हवे.

आणि त्या मुलाला काय सांगावे? मैत्री तोड, असे आम्ही सांगितले नाही. असे मित्र सहज मिळत नाहीत. पुढे कुणाला काही देऊ नकोस, असेही नाही. वस्तू उसनी देणे-घेणे ही शेजारधर्माची जुनी चाल आहे. लग्नात जरीची साडी, ईदला शेरवानी, संमेलनाला फेटा, असे एकमेकांकडून घेऊनच आपली गावे सजली. आम्ही एवढेच म्हटले की मित्राला घरी बोलाव आणि जे आम्हाला विचारलेस ते त्याला विचार. तो चांगला आहे असे तूच म्हणतोस, तर चांगल्या माणसाला विचारायला भिऊ नये. पुढच्या वेळी टोपी मागायला आला तर दे, पण नाटक कशाचे आहे ते आधी विचारून घे. जमल्यास त्या नाटकात एखादी भूमिका माग. ती 'मुसलमाना'चीच असावी असेही नाही. पोलिसाची मिळाली तर फारच उत्तम.

तो गेला. मित्राशी बोलला की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही. ते त्या दोघांचे आहे. पण संमेलनाचे दिवस दरवर्षी येतात आणि टोप्या, फेटे, घागरे दरवर्षी उसने मागितले जातात. ते जरूर मागावेत, जरूर द्यावेत. घेणाऱ्याने फक्त कपड्याबरोबर त्या घरची चार माणसेही लक्षात ठेवावीत.